आईचं पोहणं

मी नववीत असताना आमच्या शाळेत मुलांसाठी एक पुरस्कार योजना आली. काही महिने एखादी कला शिकायची, एखादा व्यायाम करायचा आणि गावासाठी थोडं काम करायचं. व्यायाम म्हणून मी पोहणं निवडलं. पिंपळवंडीला आमच्या शेतात विहीर होती, पण शिकवणार कोण?

"मी शिकवते की," भाकरी थापता थापता आई म्हणाली.

"तुला पवायला येतं?"

"लग्नाआधी लई पवायचे. इथं कुणी इचारलंच न्हाई."

रविवारी दुपारी तिनं माझ्या पाठीला रिकामा प्लॅस्टिकचा कॅन बांधला, साडीचा कासोटा घातला आणि पायऱ्या उतरून अलगद पाण्यात शिरली. मी तिचा हात घट्ट धरला होता.

"अंग सैल सोड. पाणी धरतं आपल्याला."

हळूहळू मी सैल झाले. कान पाण्यात बुडाले आणि शेजारच्या रानातला ट्रॅक्टर, वाऱ्यानं सळसळणारा ऊस, सगळं लांब लांब गेलं. वर विहिरीएवढं गोल आभाळ होतं आणि त्यातून एक ढग सावकाश सरकत होता.

उन्हाळा संपेपर्यंत मी कॅनशिवाय पोहू लागले, पुढे शाळेत बिल्लाही मिळाला. मला मात्र ती पहिली दुपारच आठवते. मी दमून पायरीवर बसले, तरी आई पाण्यातच राहिली. पाठीवर पडून, डोळे मिटून ती संथ तरंगत होती. चहाची वेळ झाली तशी मी उठले.

"तू व्हय पुढं," ती डोळे न उघडताच म्हणाली.