साडेसातचं भांडण

माझी आई आणि काकू सख्ख्या जावा; आई थोरली, काकू तिला अक्का म्हणायची. सावद्यात एकाच घराच्या दोन भागांत राहायच्या, मध्ये एक भिंत. वाटणीच्या वेळी विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून दोघींचं फाटलं आणि अबोला धरला तो धरलाच. वडील गेले, काका गेले, ती विहीरसुद्धा आटली. अबोला मात्र ठणठणीत!

पण अबोला म्हणजे गप्प बसणं, असं कोणी सांगितलं? आमच्याकडे जिच्याशी बोलायचं नाही तिला सुनवायचं असलं की बाई म्हशीला शिव्या देते. या दोघींनी मालिका धरली होती. दोन्ही घरांत रोज साडेसातला तीच मालिका लागायची, वर्षानुवर्षं न संपणारी. पडद्यावर धाकटी जाऊ आली की आई भिंतीकडे तोंड करून ओरडायची, "खाय वं, दुसऱ्याच्या वाट्याचं खाय! पचणार नाही तुले!" लगेच पलीकडून काकू आपल्या टीव्हीतल्या थोरल्या जावेवर तुटून पडायची, "मोठी शहाणी! लेकीले धड पोळी लाटता येत नाही अन् चालली दुनियेले शिकवाले!" ती लेक म्हणजे मी. भुसावळच्या ऑफिसातून दमून आलेली, खरोखरच वाकड्या पोळ्या लाटत असायचे. जाहिराती लागल्या की दोघी पाणी पिऊन घ्यायच्या.

एकदा पलीकडून उत्तरच आलं नाही. आईचं मालिकेत लक्ष लागेना. शेवटी मला म्हणाली, "पाहून ये. मी धाडलं म्हणू नको." काकू तापानं फणफणली होती. आईनं आठवडाभर माझ्या हातून पेज पाठवली, आणि ताप उतरल्या दिवशी दोघी पुन्हा कडाकडा भांडल्या. त्या रात्री आई पोटभर जेवली.

मग काकूच्या मुलाला, जळगावला राहणाऱ्या माझ्या चुलतभावाला, आपल्या आईची सोय बघायची हुक्की आली. त्यानं काकूच्या टीव्हीचं रिचार्ज बंद केलं आणि हातात मोठा फोन दिला. त्यात ॲप. मालिकेचा भाग टीव्हीच्या आधीच दिसतो, हवा तेव्हा, आणि जुने हवे तितके. काकू दुपारी जेवण झालं की खाटेवर पडून चार-चार भाग संपवायला लागली. साडेसातला आई ओरडायची आणि भिंत गप्प. दुपारी काकू फोनमधल्या बायांना शिव्या द्यायची, तेव्हा आई नुसती ऐकत बसायची.

"अगं, मग दे ना उत्तर," मी म्हटलं.

"कोणत्या भागातलं बोलून राह्यली, मले काय ठाव?"

तुलाही तसाच फोन आणते म्हटलं तर म्हणाली, "नको वं माय. ती तिच्या येळेले पाहीन, मी माह्या येळेले. भांडणाले एक येळ लागते." मला त्या ॲपचा असा संताप यायचा! सोय म्हणे. दोन म्हाताऱ्यांना जगात एकच काम उरलं होतं, तेही काढून घेतलं.

उन्हाळ्यातली गोष्ट. संध्याकाळी मी घरी आले तर आई गवार मोडत बसलेली. म्हणाली, "आज तिच्या मालिकेत लय रडारड होती. 'वं माय, कोणी या वं' करत होती. मग थांबली. उद्याच्या भागात कोणी मरते वाटते."

मी पिशवी तशीच धरून उभी राहिले. "फोनचा आवाज येत होता का गं?"

"नाही. तिचाच होता." एवढं बोलली आणि आई ताडकन उठली. गवार सगळी अंगणात सांडली. माझ्या आधी तीच धावली, अनवाणी, जो उंबरा इतकी वर्षं ओलांडला नव्हता तो ओलांडून.

काकू मोरीत पडली होती. घसरून खुब्याचं हाड मोडलेलं. ओठ कोरडे, डोळे उघडे. फोन आतल्या खोलीत खाटेवर, चार्जिंगला लावलेला. दुपारपासून ती तशीच पडून होती आणि भिंतीच्या अलीकडे माझी आई सगळं ऐकत होती.

जळगावच्या दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, आता एकटं राहणं बंद. चुलतभाऊ तिला आपल्याकडेच ठेवणार. आई खाटेजवळ स्टुलावर बसली. इतक्या वर्षांनी समोरासमोर बोलली ती एवढंच, "मले वाटलं, तू मालिका पाहून राह्यली."

"'अक्का' असं तोंडापर्यंत आलं होतं," काकू म्हणाली. "निघालं नाही. सवयच नाही राह्यली. म्हणून 'कोणी या' म्हणलं." मग मान वळवून तिनं विचारलं, "अक्का म्हणलं असतं, त आली असती?"

भिंतीपलीकडून आलेला एक शब्द कधी उधार न ठेवणारी माझी आई काकूचा हात धरून नुसती रडत राहिली.