कोशकाकांचा उलट अनुवाद

चार मार्चला दवाखान्याकडून चार हजार सहाशे पन्नास शेकेलचा धनादेश आला आणि बाईंनी कामाला हात घातला. विसराळूपणा तपासण्यासाठी वृद्धांना विचारायचे चोवीस प्रश्न होते, ते इंग्रजीतून हिब्रूत न्यायचे होते. औषधाच्या बाटल्यांपासून मृत्युपत्रांपर्यंत सगळे काही बाईंनी आजवर हिब्रूत नेले होते, पण आठवणीइतका लबाड विषय त्यांना कधी भेटला नव्हता. इंग्रजीत गोष्ट मनातून निसटते, हिब्रूत ती आठवणीतून उडून जाते. इंग्रजीत कविता हृदयाने पाठ असते, हिब्रूत तोंडाने. "हे बरं, आपलं तोंडपाठच की!" असे म्हणत बाईंनी खूश होऊन स्वतःसाठी चहा टाकला.

अशा कामाची एक रीत असते. एकाने अनुवाद करायचा आणि दुसऱ्याने मूळ न पाहता तो पुन्हा इंग्रजीत आणायचा. दोन्ही इंग्रजी कागद शेजारी ठेवले की अनुवाद कुठे घसरला ते दिसते. तीस वर्षे हा दुसरा माणूस म्हणजे बाईंचे यजमान. कुणालाही शब्द अडला की गल्ली त्यांच्याकडे धाव घ्यायची, म्हणून ते कोशकाका. काम संपेपर्यंत त्याबद्दल अवाक्षर काढायचे नाही, असा घरचा नियम होता.

"झालं का हो?"

"नियम म्हणजे नियम. जेवायला काय केलंस तेवढं बोल."

एरवी दोन दिवसांत हातावेगळे होणारे काम या वेळी आठवडाभर रेंगाळले. हल्ली काका किल्लीला 'ते दाराचं' म्हणू लागले होते. बाई ऐकून न ऐकल्यासारखे करीत.

अखेर कागद हाती आला. बाईंनी ताडून पाहिला, तर एका शब्दाचाही फरक नाही! त्यांचा ऊर भरून आला. मग अकराव्या प्रश्नापाशी बोट थांबले. मुळात होते, 'चेकबुक कुठे ठेवले ते विसरता का?' घरात चेकबुक आता कोण ठेवतो, म्हणून दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना विचारून बाईंनी हिब्रूत बँकेचे कार्ड लिहिले होते. काकांच्या कागदावर मात्र चेकबुक होते.

म्हणजे काकांनी बाईंचा ड्रॉवर उघडून मूळ इंग्रजी कागद पाहिला होता.

"अहो, हे चेकबुक कुठून आलं?"

काका चष्मा पुसत बसले. "तुझं हिब्रू सगळं कळतं गं. पण इंग्रजी शब्द येईनात. समोर उभे राहतात आणि तोंड फिरवतात. शेवटी म्हटलं, अब्रू तरी राहू दे. भराभर उतरवत गेलो."

"चोरीसुद्धा धड जमत नाही तुम्हाला!"

काका हसले. "चालवून घेशील का एवढा कागद?"

बाईंना मोह झाला. कुणाला कळणार होते? पण उद्या हेच प्रश्न कुणाच्या तरी वडिलांना विचारणार आणि त्यांच्या उत्तरांवर औषध ठरणार. शिवाय काकांनाही आता कुणीतरी नीट तपासायला हवे होते.

"नाही," त्या म्हणाल्या. "आणि उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात यायचं."

"अनुवादक म्हणून?"

"नवरा म्हणून."

दवाखान्यात बाईंनी काकांच्या देखतच खरे काय ते सांगितले. उलट अनुवाद दुसऱ्याकडून करून घ्यायचे ठरले. डॉक्टरीणबाईंनी काकांना तासभर तपासले. विस्मरणाच्या आजाराची सुरुवात आहे, गोळ्या घ्या, दर महिन्याला दाखवा, म्हणाल्या.

परतताना काका म्हणाले, "तुझा सतरावा प्रश्न फार लांब झालाय. म्हाताऱ्या माणसाला धाप लागेल."

"हे आधी नाही का सांगायचं?"

"आधी मी म्हातारा नव्हतो."

बाईंनी त्यांचा हात घट्ट धरून रस्ता ओलांडला. घरी आल्यावर सतरावा प्रश्न तोडून दोन वाक्यांत बसवला आणि कोपऱ्यावर जाऊन नव्या प्रती काढल्या. झेरॉक्सवाल्याकडे सुटे नव्हते. सहा पानांचे पैसे अजून द्यायचे राहिले आहेत.