चादरीचं दुसरं टोक

हॉटेलाच्या तळघरातल्या धुलाईखान्यात सगळे तिला ढगाबाई म्हणत. वाफेत उभी राहिली की बाई कुठे हरवायची, कोण जाणे. परक्या माणसांची झोप चादरीत थोडीशी मागे उरते, असं तिचं ठाम मत होतं. ही चादर गाढ झोपलेल्याची, ही रात्रभर कूस बदलणाऱ्याची, असं ती नुसता हात फिरवून सांगायची. खरंखोटं देव जाणे, पण तिच्या तोंडून ऐकताना पटायचं.

चादरीची घडी दोघींनी घालायची असते. चारी कोपरे धरायचे, ताणायचे, मग एकीनं चालत येऊन आपले कोपरे दुसरीच्या हातात द्यायचे. ढगाबाईच्या समोरच्या टोकाला तिची थोरली नणंद असे. नाकावर माशी बसू न देणारी बाई, आणि आवाज असा की कपडे वाळवायचं यंत्रही दबकून फिरावं. दोघींचं सख्य विळ्या-भोपळ्याचं. घडीपुरत्या जवळ यायच्या, की लगेच लांब.

अशातच ढगाबाईच्या छातीत दुखायला लागलं. जिना चढताना, कधी नुसतं बसल्या बसल्या, कुणी छातीवर ओली गादी टाकावी तसं. कळ जबड्यापर्यंत जाई. नवऱ्यानं धावपळ करून मोठ्या दवाखान्यात नेलं. अँजिओग्राफी झाली. डॉक्टर म्हणाले, "रक्तवाहिन्या अगदी स्वच्छ आहेत, कुठे अडथळा नाही. घरी जा, काळजी सोडा."

घरात आनंदीआनंद. "तुझं काळीज माझ्यापेक्षा धडधाकट निघालं," म्हणून नवऱ्यानं चार ठिकाणी थट्टा केली. नणंदेनं तर एका वाक्यात निकाल लावला, "कामाचा कंटाळा, दुसरं काय. नाटकं सगळी."

दुखणं काही रिपोर्ट वाचून गेलं नाही. पण ढगाबाईनं कानाला खडा लावला, पुन्हा म्हणून त्याचं नाव काढायचं नाही. कुणी विचारलं की "बरी आहे." वाईट हे, की दुखणं खरं की भास, याची हळूहळू तिची तिलाच खात्री वाटेना. कळ आली की ती डोळे मिटून वाफेत शिरायची. मग हातातली चादर पसरत पसरत मैदानाएवढी व्हायची, आणि ती त्यावरून अनवाणी चालत सुटायची. पलीकडे पोचेपर्यंत दुखणं मागे पडलेलं असे. कधी कधी मात्र मैदान संपायचंच नाही. तेव्हा तिला वाटे, आपण इथेच मरून पडलो तरी लोक म्हणतील, रिपोर्ट तर चांगला होता. या विचारानं तिला फार एकटं वाटायचं.

तोंडानं काहीही सांगता येतं. ताणलेल्या चादरीला मात्र फसवता येत नाही, एका टोकाचा हात ढिला पडला की दुसऱ्या टोकाला कळतंच. नणंदेला कळलं. कापड मध्येच झोळ खायचं, जरा वेळानं पुन्हा ताण यायचा. पहिल्यांदा ती खेकसली, "जेवली नाहीस का गं?" पुढे खेकसणंही थांबलं. मग ढगाबाईच्या ध्यानात आलं, की हल्ली आपल्याला चालावंच लागत नाही. पूर्वी आळीपाळीनं चालायच्या. आता दर वेळी नणंदच येते, कोपरे हातात देते, खालची घडी उचलून परत जाते. एवढी माया तिनं सख्ख्या भावालाही दाखवली नसेल.

एका दुपारी ढगाबाईच्या हातून कोपरे सुटले ते सुटलेच. चादर फरशीवर पडली, आणि ती भिंतीला टेकून खाली बसली.

"ऊठ. दवाखान्यात जायचंय."

"वन्सं, रिपोर्ट चांगला आहे माझा."

"रिपोर्टनं येऊन चादर धरली असती, तर मीही मानलं असतं. चल म्हणते ना."

या वेळी डॉक्टरीणबाई होत्या. त्यांनी मध्ये न तोडता सगळं ऐकून घेतलं. नव्या तपासण्या केल्या आणि समजावून सांगितलं, "मोठ्या रक्तवाहिन्या मोकळ्याच आहेत, ते खोटं नाही. पण हृदयात अगदी बारीक वाहिन्याही असतात. त्या अँजिओग्राफीत दिसत नाहीत. तुमच्या या बारीक वाहिन्या वेळेवर उघडत नाहीत, म्हणून हृदयाला रक्त कमी पडतं."

"म्हणजे भास नाही?"

"भास नाही. आजार आहे, आणि तो अंगावर काढायचा नाही. औषधं आहेत त्याला."

ढगाबाई ढसाढसा रडली, आणि ते सुखाचं रडणं होतं. आजार निघाला म्हणून रडणारी आणि हसणारी बाई त्या दवाखान्यानं बहुधा पहिल्यांदाच पाहिली असावी. नणंद भिंतीकडे तोंड करून उगाच नाक पुसत होती.

घरी नवरा दारातच भेटला. "काय म्हणाले? नेहमीचंच ना, सगळं ठीक?"

नणंद तोंड उघडणारच होती. ते उघडलं असतं तर गल्लीभर कळलं असतं. ढगाबाईनं तिच्या दंडावर हात ठेवला.

"थांबा वन्सं, मी सांगते." तिनं नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या ओठांवर थट्टा तयारच होती. "मला दुखतं. केव्हापासून आणि कसं, ते सगळं सांगणार आहे. तुम्ही आधी खाली बसा."

तो बसला.