अक्षरं लवकरच येतील

माझ्या मोठ्या बहिणीला ऐकू येत नाही. कॉलेजात असताना तिला मेंदूज्वर झाला. ती वाचली, पण कान गेले. बोलणं शाबूत राहिलं. समोरच्याचे ओठ वाचून ती उत्तर देते, जरा मोठ्या आवाजात. गोंदियातल्या एका छापखान्यात ती कॉम्प्युटरवर लग्नपत्रिकांचा मजकूर जुळवायची आणि संध्याकाळी फुलचूरच्या घरी येऊन गेम खेळायची. सिनेमा, मालिका तिच्यासाठी संपल्या होत्या. गेममध्ये मात्र पात्रांचं बोलणं बहुधा खाली लिहून येतं, म्हणून गोष्टी तिला तिथेच भेटायच्या.

दोन हजार दहानंतरची वर्षं. एका दिवाळीत बाजारातल्या दुकानात तिने हेराच्या गोष्टीचा एक गेम उचलला. पाकिटाच्या पाठीवर छापलं होतं की संवादांची लेखी पट्टी लवकरच मोफत अपडेटमध्ये मिळेल.

"दीदी, आधी येऊ दे ना ते. मग घे," मी म्हटलं.

"छापून देल्लं हाय ना त्याइनं. छापलेलं खोटं काऊन राहील?"

छापखान्यातली बाई ती. पत्रिकेत मुहूर्ताची वेळ चुकली तर मालकाला स्वतःच्या खर्चाने सगळ्या पत्रिका पुन्हा छापून द्याव्या लागत, हे तिने पाहिलेलं होतं.

गेमच्या सुरुवातीलाच एक दाढीवाला म्हातारा खुर्चीत बसून खून कसा झाला ते सांगत राहतो. चित्रातल्या माणसाचे ओठ वाचता येत नाहीत, दाढीतले तर नाहीतच. मी शेजारी बसून तिला सांगायचो. चार-दोन संध्याकाळी ते चाललं, मग ती चिडली. "मले गोष्ट तुह्या तोंडून नाही पाहिजे. अर्धी तर तूच गिळून राहिला."

आम्ही वाट पाहत राहिलो. उन्हाळ्यात अपडेट आलं. आमच्या डोंगलवर ते उतरवायला सगळी दुपार गेली. ती हातातलं काम सोडून पडद्यासमोर बसून होती. आत काय निघालं, तर हेराला घालायला नवे रंगीत कोट, आणि तेही वेगळे पैसे भरून. मला शिसारी आली. कोट शिवायला यांच्याकडे माणसं होती.

दुकानदाराने हात वर केले. "दीदी, सील टूट गया. अब कंपनी से बात करो."

कंपनीला तिने मेल केला. उत्तरात आधी तिच्या उत्साहाचं कौतुक होतं, मग खाली एक ओळ, की सगळी टीम आता दुसऱ्या भागावर काम करते आहे. थोड्या दिवसांनी पाहिलं तर त्यांच्या वेबसाइटवरून पट्टीचा उल्लेखच पुसलेला. पुसायलाही यांना वेळ मिळाला होता. पण पाकीट आमच्या घरात होतं, ते त्यांना पुसता येत नव्हतं.

तिने जिल्हा ग्राहक मंचात तक्रार केली. मी तिच्यासोबत जायचो. कंपनीचा वकील नागपूरहून यायचा. सुनावणीआधी व्हरांड्यात त्याने आम्हाला गाठलं. तक्रार मागे घ्या, दुसरा भाग फुकट देतो, म्हणाला.

"त्याच्यात पट्टी हाय का?" तिने विचारलं.

"लवकरच येणार आहे," तो म्हणाला. त्याला हसूही आलं नाही, लाजही वाटली नाही.

आत तो आमच्याकडे पाठ करून बोलायला लागला. दीदी उभी राहिली. "तोंड इकडं करून बोला, साहेब. तुम्ही का म्हणून राहिले ते मले दिसून नाही राहिलं."

मंचाच्या अध्यक्षांनी त्याला वळायला लावलं. मग त्याने तिच्या तोंडावर ते सगळं सांगितलं. 'लवकरच' ही नुसती सदिच्छा होती, वचन नव्हतं. त्यात तारीख नाही. गेम व्यवस्थित चालतो. आणि ज्याला ऐकू येत नाही त्याने असा गेम घ्यायचाच कशाला? तिने त्याचा एकेक शब्द वाचला.

"तुम्ही लिवलं म्हणून घेतला," ती म्हणाली. "नसतं लिवलं तर नसता घेतला."

मंचाच्या सदस्य असलेल्या बाईंनी वकिलाला एवढंच विचारलं, "हे काम कंपनीने सुरू तरी केलं होतं का?" त्याने कागद चाळले, पुन्हा चाळले आणि म्हणाला, तशी माहिती कंपनीने मला दिलेली नाही.

निकाल तिच्या बाजूने लागला. पाकिटावर छापलेलं आश्वासन हा विक्रीचाच भाग, ते न पाळणं ही अनुचित व्यापारी प्रथा, किंमत परत करा आणि त्रासाची भरपाई द्या. पट्टी करून द्या, असं मात्र आदेशात नव्हतं. पैसे आले. पण निकालाच्या दिवशी बाहेर लोक अभिनंदन करत होते आणि ती मला विचारत होती, "म्हंजे खून कोनं केला ते मले कळनारच नाही का?" मी शेवटपर्यंत खेळलो नव्हतो. मलाही माहीत नव्हतं.

पुढे कंपनीचा दुसरा भाग आला. पाकिटाची पाठ कोरी. कंपनी काहीच शिकली नाही असं म्हणता येणार नाही. छापायचं नाही, एवढं शिकली. पुढे काय काय मिळणार ते आता त्यांचा एक माणूस व्हिडिओत भराभर बोलून सांगायचा, आणि त्या व्हिडिओखालीही एक अक्षर नव्हतं.

दीदीने तो व्हिडिओ मला दाखवला. "का म्हणून राहिला हा?"

मी सांगितलं. नासलेलं दूध हुंगावं तसं तिचं तोंड झालं. तिने कॉम्प्युटर बंद केला आणि भाताला कुकर लावायला उठली.