घरमालकांचे थोर आडनावबंधू

जर्मनीतल्या आखनमधलं आमचं जुनं घर महिनाअखेर सोडायचं होतं आणि नवं मिळत नव्हतं. म्हणून हे घर बघायला निघताना सासूबाईंना मी बजावलं, की मालकांना काही विचारायचं नाही. त्या पुण्याहून आल्या होत्या आणि परदेशातही त्यांच्या चौकशा थांबत नव्हत्या.

सत्तरीचे मालक तळमजल्यावर राहायचे. घराआधी त्यांनी जिना दाखवला. भिंतीवर ओळीने फोटो: एक रसायनशास्त्रज्ञ, एक ऑपेरा गायिका, एक पूल बांधणारे इंजिनिअर, एक गोलकीपर. सगळ्यांचं आडनाव मालकांचंच. इकडे ते आपल्या पाटलांसारखं, दगड भिरकावला तर एखाद्याला लागेलच असं. पण मालक प्रत्येक फोटोपाशी थांबून कौतुक सांगत होते, मी ‘हो, हो’ करत होते. मला वरच्या स्वयंपाकघराला खिडकी आहे का, ते बघायचं होतं.

मी सासूबाईंना थोडक्यात मराठीत सांगितलं, तशा त्या थबकल्या. यांतलं यांचं सख्खं कोण, हे त्यांना कळायलाच हवं होतं. मी विचारलं. कोणीच नाही, मालक म्हणाले.

"मग हे लोकांचेच फोटो की गं. आणि एवढ्या मोठ्या आडनावात एकही दिवटा निघाला नाही? आपल्यात तर दोन आहेत."

मी ते गिळलं. पण त्या नक्की काय म्हणाल्या, याचा मालकांनी पिच्छाच पुरवला. घर गेलंच असं धरून मी शब्दन्‌शब्द सांगितलं.

 मालक तळघरात जाऊन एक फोटो घेऊन आले. बाबागाडी ढकलणारा तरुण. हे त्यांचे वडील. युद्धानंतर इथे कॉफीवर जबर कर होता, म्हणून शेजारच्या बेल्जियमच्या हद्दीतून चोरून कॉफी आणायचे. गाडीत खाली कॉफी, वर मालकांची थोरली बहीण निजवलेली. पकडले गेले, तुरुंगात जाऊन आले. आईने फोटो तळघरात ठेवला, तो तिथेच राहिला.

सासूबाईंनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "नाक बघ. हे खरे यांचे."

हे मात्र मी लगेच सांगितलं. मालकांनी स्वतःचं नाक चाचपून पाहिलं.

घर आम्हाला मिळालं. स्वयंपाकघराला खिडकी आहे. वडील आता जिन्यात, गोलकीपरच्या शेजारी. जिना झाडायची आमची पाळी असली की सासूबाई पुण्याहून फोन करतात.

"त्या कॉफीवाल्यांची काच पुसलीस का?"

"पुसली, आई."

"बाकीच्यांची सवडीने पुस. ते काही घरचे नव्हेत."