गूजबेरीवरची छत्री

अर्नोल्ड लेफ्टविच इंग्लंडातल्या आमच्या चेशायरमधला लेखक, पण त्याच्या दोन कादंबऱ्या मीसुद्धा वाचलेल्या नाहीत, आणि मी त्याच्या कुंपणाला लागून राहतो. उरलेल्या प्रती त्याच्या गॅरेजमध्ये कुजतायत. चांभाराचा पोरगा. रेल्वेच्या पार्सल खात्यात चिकटला, तिथून साप्ताहिकात गेला, कुणाच्या अंत्यविधीला कोण कोण आलं त्याच्या याद्या लिहायला. मग कुणीतरी आजारी पडलं आणि शुक्रवारचं सदर याच्या गळ्यात आलं. ते एकतीस वर्षं चाललं. इस्त्रीच्या टेबलाशी उभा राहून लिहायचा. का, म्हणून विचारलं तर म्हणायचा, "बसलो की लांबतं."

सदरात एक छत्रीवाला असायचा. गूजबेरीच्या, म्हणजे आवळ्यासारख्या आंबट फळाच्या, झुडपावर छत्री बांधून स्वतः पावसात भिजणारा, बेरीशी गप्पा मारणारा, बायकोचा वाढदिवस विसरून बेरीचं वजन लक्षात ठेवणारा. हा बाबा कोण, याचा मला भारी किडा. ऑगस्टमध्ये आमची स्पर्धा असते, सर्वांत जड बेरीची. ऐन वेळी पाणी जास्त झालं की बेरी फुटते, म्हणून महिनाभर गावातल्या झुडपांवर छत्र्याच छत्र्या. म्हणजे संशयित चाळीस. मी चक्क वही केली. स्पर्धेत दरवर्षी मला टक्कर देणाऱ्या ह्यूमवर माझा पक्का संशय होता, आणि दर शुक्रवारी मी पोट धरून हसायचो.

शेवटी आयव्हीच्याने, माझ्या बायकोच्याने, राहवेना. "विल्फ, अरे तो तू आहेस. एकोणीस वर्षं सगळ्या गावाला ठाऊक आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"तू वाचताना इतका खूश असायचास."

माझं टाळकं फिरलं. तसाच कुंपणापाशी गेलो. "माझ्यावर आणखी एक अक्षर लिहिलंस ना अर्नोल्ड, तर तुझं तोंड बघणार नाही."

तो लाल झाला. "बरं," म्हणाला, एवढंच.

दिलेला शब्द त्याने पाळला, मेल्याने. त्यानंतर सदरात कोकिळा आल्या, ढग आले, एकदा तर नुसतं गवत. जुलैत आयव्ही पोस्टातून बातमी घेऊन आली: वाचकांची पत्रं येईनात, नव्या संपादक बाईंनी ऑगस्टअखेर सदर बंद करायचं ठरवलंय. मी खिडकीतून पाहिलं. अर्नोल्ड इस्त्रीच्या टेबलाशी उभा होता आणि लिहीत नव्हता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

त्या वर्षी माझी बेरी कोंबडीच्या अंड्याएवढी होती. ह्यूमला हरवणार, यात शंकाच नव्हती. स्पर्धेच्या आदल्या दुपारी अर्नोल्ड त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीत येईपर्यंत मी थांबलो. मग झुडपाला दोन झाऱ्या पाणी घातलं, वरची छत्री सोडली आणि लख्ख उन्हात ती स्वतःच्या डोक्यावर धरून उभा राहिलो.

सकाळी बेरी फुटलेली. तरी ती बशीत घालून मी स्पर्धेला नेली. ह्यूम जिंकला, मंडप हसून हसून लोळला.

संध्याकाळी अर्नोल्ड कुंपणाशी आला.

"पाणी का घातलंस रे?"

"तिला तहान लागली होती."

"हे लिहू का?"

"विचारतोस काय, गाढवा."

शुक्रवारी ते छापून आलं. पुढच्या आठवड्यात पत्रांचा एवढा ढीग पडला की सदर बंद करायचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. त्याने झाऱ्यांपासून बशीपर्यंत सगळं लिहिलं होतं, काही म्हणता काही सोडलं नाही. आयव्ही मोठ्याने वाचत होती आणि डोळे पुसत हसत होती. शेवटची ओळ तिने हळू वाचली: "इतका मूर्ख शेजारी नशिबानेच मिळतो."

मी म्हटलं, "तेवढं पुन्हा वाच."