डावा नऊ, उजवा आठ

स्टेडियमच्या पायऱ्यांखाली एक खोली आहे. तिथे दोन सिंक, एक पंखा, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत ताणलेली दोरी आणि बूटमावशी. तिचं खरं नाव हजेरीपत्रकात असेल. खेळाडूंना ते माहीत नाही आणि तिलाही खेळाडूंची नावं पाठ नाहीत. ती माणसं ओळखते ती बुटांवरून. चवड्याखाली गोल झिजलेला तळ म्हणजे थाळीफेकवाला, आणि कुठेच न झिजलेला म्हणजे संघाचा व्यवस्थापक.

आधी वीस वर्षं ती एका हॉटेलात चादरी धूत होती. "चादरी मुक्या असतात गं," ती सांगते, "बूट आल्या आल्या बोलायला लागतात. काही तर दारातूनच." असं म्हणून ती नाकाला पदर लावते आणि समोरचा खेळाडू ओशाळतो.

तिची पद्धत ठरलेली. आधी नाड्या काढून कोमट पाण्यात, आतले पातळ तळ वेगळे, मग कोरड्या ब्रशने माती झाडायची. ओल्या मातीला हात लावणारा माणूस तिच्या मते वेडाच. शिवणीतून जुना टूथब्रश फिरवायचा, साबण नावापुरता. उन्हात ठेवायचं नाही, कारण उन्हाने डिंक सुटतो. आत कोरा कागद कोंबायचा आणि पंख्याखाली ठेवायचं. बूट बाहेर पडतात ते इतके पांढरे, की दुकानातल्या नव्या जोडाशेजारी ठेवले तर दोन्हींत नवा कोणता ते तळ बघितल्याशिवाय कळू नये. या गोष्टीचा तिला भारी अभिमान, आणि तोच एकदा अंगाशी आला.

त्याचं असं झालं, की तिचा नवरा निवृत्त झाला. जन्मभर छापखान्यात प्रुफं तपासलेला माणूस. घरी चैन पडेना म्हणून बायकोच्या मदतीला येऊ लागला. पहिल्याच दिवशी ओल्या बुटांत वर्तमानपत्र कोंबलं म्हणून त्याने बोलणी खाल्ली. "शाई लागते अहो, पांढऱ्या कापडाला," मावशी म्हणाली. छापलेल्या अक्षराचा असा अपमान त्याने पूर्वी कधी ऐकला नव्हता.

मावशीच्या गिऱ्हाइकांत एक लांब पल्ल्याची धावपटू होती. उंच म्हणून मावशी तिला शिडी म्हणायची. शिडीचा डावा पाय नऊ नंबरचा आणि उजवा आठचा. ती दर वेळी एकाच रंगाचे दोन जोड घ्यायची, डावा नऊ आणि उजवा आठ वापरायची, आणि उरलेले दोन बूट डब्यात घालून मावशीच्या कपाटात मागे ढकलायची. बाकीच्या मुली हसतील म्हणून हे तिने फक्त मावशीला सांगितलं होतं. मावशीने ते पोटात ठेवलं, नवऱ्यालाही सांगितलं नाही. तिथेच माशी शिंकली.

निवडीच्या शर्यतीच्या आदल्या दुपारी नवऱ्याने कपाट आवरायला काढलं. सकाळी शिडी आली, धुतलेल्या बुटांची आपली पिशवी उचलली आणि मैदानात गेली. मग चहा पिता पिता नवरा म्हणाला, "काल तुझी एक मोठी चूक निस्तरली मी. दोन जोड एकमेकांत मिसळले होते. एकात नऊ-आठ, दुसऱ्यात आठ-नऊ. नंबर बघून सरळ लावले."

मावशीने कप खाली ठेवला. कपाटातला डबा उघडला. आत दोन पांढरेशुभ्र नऊ नंबर. तिने ते उलटे केले. उजव्याचा तळ कोराकरकरीत, डाव्याचा झिजलेला.

"अहो, तळ तरी बघायचा," एवढंच ती म्हणाली आणि डावा बूट घेऊन पळाली.

शर्यत दहाला, आणि दहाला सात मिनिटं कमी होती. पहिल्या तिघींचीच निवड होणार होती. फाटकावरचा माणूस म्हणाला, "मावशी, चपला घालून ट्रॅकवर नाही जायचं." मावशीने वाद घातला नाही. चपला काढून दुसऱ्या हातात घेतल्या आणि अनवाणी धावत सुटली. त्या ट्रॅकची माती तिने इतकी वर्षं बुटांवरून झाडली होती, पाय मात्र तिथे पहिल्यांदाच पडत होता.

शिडी गवतावर बसली होती. डावा पाय बुटात अर्धाच गेलेला, डोळे भरलेले. "मावशी, पाय सुजलाय माझा. आजच."

"पायाला काही झालेलं नाही. हा घाल."

"मग हा कुणाचा?"

"तुझाच. आमच्या ह्यांनी दुरुस्त केलाय." मावशीने खाली बसून स्वतः नाड्या बांधल्या आणि आठ नंबर ओच्यात लपवला.

साडेबारा फेऱ्या मावशी ट्रॅकच्या कडेच्या दोरीपाशी उभी होती. तिला ना घड्याळ दिसलं ना बाकीच्या मुली. ती फक्त तो डावा बूट बघत होती. शिडी तिसरी आली. मावशी रडली, आणि लपवलंही नाही.

खोलीत नवरा अपराध्यासारखा उभा होता. शिडी आली तसा तो म्हणाला, "बाळ, जन्मभर दुसऱ्यांच्या चुका काढल्या. ही माझी."

शिडी हसली. पण तिचं लक्ष त्याच्या पायांकडे गेलं. उजव्या बुटाला करंगळीपाशी ब्लेडने चीर दिलेली होती. "काका, हे काय?"

"नवा बूट चावतोच. मी प्रत्येक जोडाला देतो."

"फक्त उजव्याला?"

त्याने खाली बघितलं. मावशीनेही. जगाचे बूट वाचणारी ती, पण नवऱ्याचे बूट तो स्वतःच पुसायचा, म्हणून तिने कधी हातात घेतले नव्हते. तिला स्वतःचाच राग आला.

शिडीने मावशीच्या ओच्यातला डावा आठ मागून घेतला, डब्यातला उजवा नऊ काढला आणि दोन्ही त्याच्यापुढे ठेवले. त्याने नंबर वाचले, कपाळाला आठी घातली आणि पाय आत सरकवले. खोलीच्या या टोकापासून त्या टोकाला गेला, परत आला, पुन्हा गेला.

"कसे आहेत?" मावशीने विचारलं.

"चाळीस वर्षं मला वाटत होतं," तो हळूच म्हणाला, "की चूक पायाची आहे."